बिनतिकिटाचा प्रवासी

अलिबागहून किनाऱ्याच्या रस्त्याने रत्नागिरीकडे निघालेल्या सायकलस्वारांबरोबर वास बिनतिकीट प्रवास करतो. मुरूडपर्यंत तो गप्प असतो. ताज्या घामाला स्वतःचा असा वास जवळजवळ नसतोच. कातडीवरचे जिवाणू त्या घामावर ताव मारतात आणि दुर्गंधी सुटते ती त्यांच्या पंगतीची. जर्सीचे पॉलिस्टर लवकर वाळते खरे, पण अंगाचे तेल घट्ट धरून ठेवते. म्हणून सकाळी हुंगून निर्दोष ठरलेली जर्सी आगरदांड्याच्या जेटीवर, अंगाच्या उबेने, पुन्हा बोलू लागते.

सर्वांत नाजूक प्रकरण पॅडच्या चड्डीचे. ती आत काही न घालता वापरायची असते (नवख्यांना हे सांगताना जाणत्यांचाही आवाज खाली येतो), त्यामुळे रोज धुणे अटळ. हरिहरेश्वरला मुक्कामी पोचताच, चहाच्याही आधी, ती उलटी करून साध्या साबणाने हलकेच चोळावी. कपडे मऊ करणारे सुगंधी द्रव टाळावेत: त्यांचा थर धाग्यांवर बसतो, घाम शोषला जात नाही आणि घामाला वर गुलाबाची फोडणी बसते. वास मुरलाच असेल तर पाण्यात थोडे व्हिनेगर घालून अर्धा तास भिजवावे. घरमालकिणीकडे ते मागितल्यास कोकम आगळ पुढे येण्याचा संभव असतो. ते पोटातच घ्यावे.

खरा वैरी मळ नव्हे, दमट हवा. जाड पॅड रात्रभरातही वाळत नाही आणि करकचून पिळला तर आतला फोम बिघडतो. चड्डी कोरड्या टॉवेलात गुंडाळून त्यावर उभे राहावे. खिडकीतून पाहणाऱ्याला एखादे व्रत चालले आहे असे वाटते. मग पॅड वर करून पंख्याखाली टांगावी. तरीही ओली राहिली तर पिशवीत कोंबू नये, सामानावर बांधून केळशीपर्यंत वाऱ्यावर न्यावी. ध्वज समजून कोणी सलाम केला तर स्वीकारावा.

हेल्मेटच्या आतल्या गाद्या काढून धुवाव्यात. टोपाला कढत पाणी किंवा थिनर लावू नये, फोम खराब होतो. हातमोज्यांच्या अंगठ्यावरची मऊ पट्टी नाक पुसण्यासाठीच असते, तेव्हा तेही रोजच्या धुण्यात. बुटांतले तळवे काढून आत वर्तमानपत्राचे बोळे भरावेत आणि झोपण्यापूर्वी एकदा बदलावेत. अग्रलेखाचे पानही चालते.

स्वतःच्या नाकाला वासाची सवय होते, म्हणून परीक्षा लोकांकडून करून घ्यावी लागते. हर्णैच्या मासळी लिलावात ती घेण्यात अर्थ नाही. दाभोळ–धोपावे फेरीबोटीत कठड्याशी उभे राहावे आणि दोन्ही बाजूंना किती जागा मोकळी होते ते मोजावे.