ग्रेडर बापू

जळगावात कोणाला कॅमेरा घ्यायचा असला की तो आधी बापूंकडे जातो, मग दुकानात. हा क्रम उलटा करणाऱ्याला बापू पुढे वर्षभर पाण्यात पाहतात. त्यांच्या सल्ल्याने घेतलेले कॅमेरे पिंप्राळ्यापासून मेहरूणपर्यंत घरोघर आहेत. बापूंच्या घरी मात्र एकही नाही. विचारलं तर म्हणतात, "घेतोय ना भो." हे 'घेतोय' अॅग्फा क्लिक थ्रीच्या जमान्यात सुरू झालं. मग हॉट शॉट आला, याशिका एमएफ-2 आला, कोडॅकचा केबी-10 आला, पुढे रोलही गेला आणि डिजिटल आलं. बापू घेतच आहेत.

कोणी म्हणेल, माणूस धरसोडीचा असेल. अजिबात नाही. दोन्ही मुलींची लग्नं बापूंनी एकेका बैठकीत ठरवली. घराचा प्लॉट चालता चालता पाहिला आणि संध्याकाळी विसार देऊन मोकळे झाले. पैशाचाही प्रश्न नाही. पाहुण्याला शेवभाजी खाऊ घालताना हा माणूस स्वतःची ताटली विसरतो. खरं कारण त्यांच्या बोटांत आहे. बापू आयुष्यभर कापसाचे ग्रेडर होते.

ग्रेडर म्हणजे काय, हे ज्याच्या घरी कापूस पिकला त्यालाच कळेल. एकाधिकार खरेदीच्या काळात केंद्राबाहेर बैलगाड्यांची रांग लागायची, माणसं गाडीखालीच रात्र काढायची. सकाळी बापू यायचे. गाडीत कोपरापर्यंत हात घालून आतला कापूस काढायचे, कारण वरचा थर कोणीही चांगलाच ठेवतो. चिमूटभर कापूस दोन्ही हातांच्या अंगठा-तर्जनीत धरून ओढायचे, तुटलेले भाग एकमेकांवर ठेवून पुन्हा ओढायचे. सगळे तंतू एका दिशेला आले की ती बारीकशी जुडी काळ्या टोपीवर ठेवून डोळ्यांनीच मोजायचे. मग निकाल : "सत्तावीस. ओलावा आहे. कवडी आहे." झाली त्या घरची दिवाळी. कापूस अगदी दुधासारखा पांढरा असला तरी बापूंच्या तोंडून 'बरा आहे' याच्यापुढे शब्द गेला नाही. जास्त बोललं की भाव चढतो, हे त्या धंद्यातलं पहिलं शहाणपण. पस्तीस वर्षं नापास करायला सरावलेला हात निवृत्तीनंतर एकाएकी पास करायला कसा लागणार?

त्यांची मागणी तशी साधी आहे. रोजचे फोटो काढता येतील असा, खिशात मावणारा, छोटा कॅमेरा. एका पत्रकार पोराने त्यांना रिको जीआर थ्री दाखवायला आणला. बापूंनी तो आधी सराफ बाजारातल्या मित्राच्या काट्यावर ठेवला. बॅटरी आणि कार्डासकट 257 ग्रॅम. सराफाने सवयीने "पावणेसव्वीस तोळे" म्हटलं आणि घडणावळ विचारली. सेन्सर मोठा, मोठ्या कॅमेऱ्यांत असतो तो एपीएस-सी मापाचा. फोटो 24 मेगापिक्सेलचे. लेन्स 28 मिलिमीटरच्या दृष्टीची. हा आकडा ऐकल्याबरोबर बापूंचे डोळे चमकले, कारण कापसाचा धागाही मिलिमीटरातच मोजतात. दोन्हींचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही, पण ते बापूंना कोण सांगणार?

"28. लांब धाग्यात जेमतेम बसतो," बापू म्हणाले. "झूम नाही. बॅटरी 200 फोटोंत संपते. आणि धुळीला बंदोबस्त काहीच नाही. आपलं राहणं जळगावात, सासुरवाडी धुळ्याची!"

पोराने मुकाट्याने कॅमेरा परत खिशात घातला. तो त्याच्या खिशात मावतो, ही गोष्ट बापूंनी पाहिलीच नाही.

फुजीफिल्मचा एक्स-100 सिक्स 2024 साली आला तेव्हा जगभर लोकांनी नंबर लावले. त्याची लेन्स 35 मिलिमीटरच्या दृष्टीची, म्हणजे बापूंच्या हिशेबी थेट डीसीएच-32 वाणाचा अतिलांब धागा! तरी नापास. वजन 521 ग्रॅम, सदऱ्याचा खिसा लोंबतो. आणि धूळ-पाण्यापासून पुरतं संरक्षण हवं तर एक रिंग आणि एक फिल्टर वेगळा विकत घ्या. "गाडी घेतली तर चाकं वेगळी घ्यायची का?"

सोनीच्या आरएक्स-100 वर तर त्यांचा खास राग. हा कॅमेरा 2012 सालचा, एवढ्याशा डबीत 'एक इंची' सेन्सर बसवून त्याने बाजार हलवला होता. बापूंनी माहितीपत्रक उघडून नातवाची फूटपट्टी मागवली. सेन्सर भरला 13.2 बाय 8.8 मिलिमीटर, आणि कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत मोजला तरी 16 च्या खाली. इंच 25.4 चा. हे नाव जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्यांतल्या काचेच्या नळ्यांच्या मापावरून आलेलं आहे, सगळ्याच कंपन्या तेच वापरतात, वगैरे मी सांगून पाहिलं. बापू म्हणाले, "मापात पाप ते पापच. केंद्रावर असा काटा ठेवला असता तर लोकांनी मला गाडीला बांधला असता."

यातून एखादा वाचलाच तर मे महिना आहे. बहुतेक कंपन्यांच्या पुस्तिकेत कॅमेरा 0 ते 40 अंशांत वापरावा असं छापलेलं असतं. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा 44-45 वर. म्हणजे हा कॅमेरा रोजचा कसा म्हणायचा? हा मुद्दा मला अजून खोडता आलेला नाही.

दरम्यान बाजारच बसला. 2010 साली जगभरात दहा कोटींहून जास्त छोटे कॅमेरे कारखान्यांबाहेर पडले होते. 2023 मध्ये सतरा लाखांच्या आसपास. सगळं मोबाइलने खाल्लं. ज्या कंपन्या टिकल्या त्यांनी किमती वाढवल्या. बापूंना यात नवल वाटलं नाही. आवक घटली की भाव चढणारच, म्हणाले, हंगामात बघू. कॅमेऱ्याचा हंगाम कधी असतो ते त्यांनी सांगितलं नाही.

धुळ्याचा शालक हे बापूंचं दुखरं ठिकाण. त्याच्याकडे तोच पहिला आरएक्स-100 आहे, कडा घासून गुळगुळीत झालेला. त्यावर त्याने लळिंगचा किल्ला, पांझरेचा पूर, एकवीरादेवीची यात्रा, पाच कंदिलाची दिवाळी असं सगळं धुळं काढून ठेवलंय.

"दाजी, हा तुम्हीच सांगितला होता," तो दर भेटीत आठवण करतो.

"मी घे म्हणालो नव्हतो. बरा आहे म्हणालो होतो."

"मग मी घेतला!"

बापू गप्प. शेतकऱ्याने 'बरा आहे' एवढ्यावर गाडी खाली केली तर ग्रेडर काय करणार?

घरात यावरून कुरकुर झाली की बापू केकी मूस यांना पुढे करतात. चाळीसगावच्या स्टेशनजवळच्या बंगल्यात या कलावंताने दशकानुदशकं जवळजवळ स्वतःला कोंडून घेतलं आणि टेबलावर वस्तू मांडून, उजेड-सावली खेळवून असे फोटो काढले की बघणाऱ्याला ते मैदानातले वाटावेत. 'टेबल-टॉप' छायाचित्रणात त्यांचं नाव परदेशात पोहोचलं. 1989 साली ते गेले, बंगल्याचं आता संग्रहालय झालंय. "घाईने काही होत नाही. मूस साहेब बघ, घराबाहेर नाही पडले," बापू सांगतात.

"ते बाहेर पडत नव्हते," वहिनी आतून म्हणतात, "पण फोटो काढत होते."

गेल्या थंडीत आम्ही यावलकडच्या एका शेतावर भरीत पार्टीला गेलो. पऱ्हाटीचा जाळ पेटला, त्यात पोपटी वांगी पडली, धूर सरळ वर चालला, बायका बडगीत मिरच्या-लसूण कुटत होत्या. अंधार पडत आला होता. बापू माझ्या शेजारी उभे राहून सांगत होते : इथे एफ 1.8 लागेल, इथे आयएसओ 3200 पर्यंत जावं लागेल, या धुरात फोकस भरकटेल, अमुक मॉडेल इथे नापास, तमुक तिथे. बोलत होते ते सगळं खरं होतं. या माणसाला उजेड दिसतो, हे मी त्या दिवशी मनाशी कबूल केलं. तेवढ्यात वहिनींनी कमरेचा मोबाइल काढला, खटकन फोटो घेतला आणि भाकरी थापायला परत बसल्या. मिनिटाभरात तो फोटो पुण्याला आणि सुरतेला पोहोचला, मुलींचे बदाम आले.

बापूंनी मोबाइल हातात घेऊन फोटो मोठा करून पाहिला. "हायलाइट जळाले."

"वांगी नाही ना जळाली? मग बसा जेवायला."

कळण्याची भाकरी मोडताना बापूंनी जाहीर केलं की आता पुरे झालं, रिको जीआर थ्री घ्यायचा. धुळीचं बघून घेऊ, जादा बॅटरी खिशात ठेवू. शालकाने तिथल्या तिथे हात जोडले. मुंबईच्या दुकानाला फोन लावला तर कळलं, जीआर थ्री बंद झाला. 2025 मध्ये जीआर फोर आलाय.

मला वाटलं, बापू खचतील. त्यांचा चेहरा मात्र खुलला. "बघ! मागच्या वर्षी घेतला असता तर फसलो नसतो का?"

आता फोरची प्रतवारी चालू आहे. 262 ग्रॅम, पाच ग्रॅम जास्त. धागा तोच, 28. पोटात 53 जीबी साठवण आहे म्हणून 'बरा आहे' इथपर्यंत मजल गेली होती, मी जवळजवळ पेढ्यांचं सांगून ठेवलं होतं. परवा रात्री साडेदहाला फोन आला.

"भो, यात कार्ड मायक्रो एसडी लागतं. नखाएवढं. बदलताना पारोळ्याला बोरीच्या पुलावर पडलं, तर चष्म्याशिवाय शोधायचं कोणी?"

"बापू, पण पुलावर कार्ड बदलायचं कशाला?"

"रोजचा कॅमेरा आहे ना तो," बापू म्हणाले. "रोज कुठे असू, काय सांगता येतं?"