पोट दाखवायचं की वापरायचं?

नांदेड असो की लातूर, गल्लोगल्ली जिम झाल्या. झाल्या ते चांगलंच झालं. पण प्रत्येक फ्लेक्सवर तोच उघडाबंब गडी, त्याच्या पोटावर तेच सहा चौकोन आणि खाली महिन्या-दोन महिन्यांत सिक्स पॅकची हमी. देवाने पोट एवढ्यासाठीच दिलं का?

2007 मध्ये ‘ओम शांती ओम’ आला, शाहरुखचं पोट दिसलं. पुढच्या वर्षी ‘गजनी’त आमीरचं. तेव्हापासून कॉलेजच्या पोरांना तेच पोट पाहिजे, तेही बारमाही. स्पर्धेच्या मंचावर उभा राहणारा शरीरसौष्ठवपटू मात्र आधी पाणी तोडतो, अंगाला रंग फासतो, दिव्यांच्या उजेडात दम रोखून उभा राहतो. त्याचं स्वतःचं पोटही आठवड्याने तसं दिसत नाही.

आणि हे चौकोन जिममध्ये घडत नाहीत. ते प्रत्येकाच्या पोटात आहेतच. बरगड्यांपासून ओटीपोटाच्या हाडापर्यंत उतरणारा सरळ स्नायू, मधोमध उभा पांढरा पट्टा आणि त्याला कापत जाणारे आडवे पट्टे. हे आडवे पट्टे बहुतेकांना तीन असतात, काहींना कमी-जास्त. किती असावेत, हे आई-बापांकडून येतं. व्यायामाने स्नायू जाड होतो, चौकोनांची संख्या बदलत नाही. पुरुषाच्या अंगातली चरबी दहा-बारा टक्क्यांच्या आसपास आली की ते दिसतात.

तोवर मारत बसा क्रंचेस.

1984 मध्ये अमेरिकेत 13 पुरुषांना कामाला लावलं होतं. 27 दिवसांत प्रत्येकाने 5,004 सिट-अप्स मारल्या. आधी आणि नंतर पोट, पाठ आणि कुल्ल्यावरची चरबी सुईने काढून तपासली. चरबीच्या पेशी तिन्हीकडे सारख्याच आक्रसल्या, पोटावर वेगळं काही घडलं नाही. म्हणजे व्यायाम पोटाचा केला म्हणून चरबी पोटाचीच जाते, हे खोटं. तरी कंबरेला बांधायचे थरथरणारे पट्टे अजून विकले जातात. घेतं कोण? शिकलेली माणसंच.

चरबी उतरते ती ताटात. पण ताटाकडे कोण बघतो? दिवसभरात एक वाटी वरण आणि संध्याकाळी हजारोंचा प्रोटीन पावडरचा डबा. लातूरची तूरडाळ देशभर जाते. शंभर ग्रॅम डाळीत वीस-बावीस ग्रॅम प्रथिनं आहेत, सोयाबीनच्या वड्यांत पन्नासच्या आसपास. सोयाबीन पिकतं कुठे? आपल्याच शिवारात.

आता ताकदीचं बोलू. मोंढ्यात जा आणि पोतं उचलणारा हमाल नीट बघा. पोतं पाठीवर येण्याआधी तो श्वास घेतो, पोट आवळतो, मग पाऊल टाकतो. पाय हलतात, धड हलत नाही. जिममध्ये ‘कोअर’ म्हणून पैसे देऊन शिकायचं ते हेच. चारी बाजूंनी आवळलेलं पोट पाठीच्या कण्याला आधार देतं. त्या हमालाच्या पोटावर चौकोन असतील-नसतील, विचारतो कोण?

पैलवानांचंही तेच. निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार 1969 चे महाराष्ट्र केसरी. 1970 मध्ये एडिंबरोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण, 1977 मध्ये बेळगावच्या मैदानात पैलवान सतपालवर मात. लातूर जिल्ह्यातलेच अर्जुनवीर काका पवार ग्रीको-रोमनचे मल्ल. त्या कुस्तीत कमरेखाली हात लावायला मनाई. समोरचा गडी उचलायचा तो कंबरेच्या आणि पोटाच्या जोरावर. ही ताकद आली जोर, बैठका, सपाट्यांतून आणि मातीतल्या झटापटीतून. क्रंचेसच्या आकड्यांतून नाही.

मग करायचं काय? दंडाचा व्यायाम कोणी रोज दोनशे वेळा करतं का? नाही ना. पोटही स्नायूच आहे. आठवड्यातून दोन-तीन दिवस, आणि हळूहळू वाढता भार. बारला लटकून पाय वर घेणं, साइड प्लँक, एका हातात जड बादली घेऊन सरळ चालणं. प्लँकमध्ये पाच मिनिटं थरथरत पडण्यापेक्षा दहा-दहा सेकंद पोट कडक आवळून धरा, सोडा, पुन्हा धरा. आणि कंबर दुखत असेल तर दाबून सिट-अप्स मारू नका. वाकलेल्या कण्यावर पुन्हा पुन्हा भार आला की मणक्यांमधल्या चकतीला इजा होऊ शकते.

फ्लेक्सवर बाई कधी दिसत नाही. खरं तर या व्यायामाची सर्वांत जास्त गरज तिला आहे. गरोदरपणात पोटाच्या सरळ स्नायूचे दोन्ही भाग एकमेकांपासून दूर सरकतात. अनेकींचे नंतरही पुरते जवळ येत नाहीत. घरचे काय करतात? पोट कापडाने घट्ट बांधतात. बांधल्याने आधार वाटतो, स्नायू मजबूत होत नाही. त्याला श्वासासोबत पोट हलकेच आत घेण्याचे साधे व्यायाम लागतात, आणि ते शिकवणारा फिजिओथेरपिस्ट. बारशाच्या जेवणाला खर्च होतो. या चार भेटींना का नाही?

आणि लातूरच्या ट्यूशन एरियातली पोरं? सकाळपासून रात्रीपर्यंत बाकावर. हात-पाय काड्या, पोट तेवढं पुढे. आई-बाप म्हणतात, पोरगं बारीकच आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 2004 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचा आणि ब्रिटिश सहकारी डॉ. युडकिन यांचा फोटो छापला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, एकच: 22.3. युडकिन यांच्या अंगात चरबी 9.1 टक्के, याज्ञिक यांच्या 21.2 टक्के. बारीक दिसणारा भारतीय आतून बारीक असेलच असं नाही. मधुमेह असाच नकळत येतो.

नीट परीक्षेच्या मार्कांचा हिशोब पाठ असतो. पोराच्या कंबरेचा घेर किती, कोणाला माहीत आहे?

म्हणून आरशासमोर शर्ट वर करणं थांबवा. घरातला शिवणकामाचा टेप घ्या. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, पोट आत न ओढता मोजा. मोठ्या पुरुषाला मर्यादा 90 सेंटिमीटर, बाईला 80. आकडा त्याच्या वर गेला असेल तर या आठवड्यात रक्तातली साखर तपासून घ्या.