लॉगमंधी काही नाही जी

भाऊंना चुका खपत नाहीत. होण्याला त्यांची हरकत नाही. चारचौघांत दिसू नयेत, एवढंच. कळमेश्वरात कृषी केंद्रापासून मंगल कार्यालयापर्यंत ज्याची म्हणून वेबसाइट आहे, ती भाऊंनी करून दिलेली. काटोल रोडला झेरॉक्सच्या दुकानावरची खोली हे त्यांचं ऑफिस. तिथे एक कूलर आहे, पण त्याच्यासमोर भाऊ बसत नाहीत, लॅपटॉप बसतो. भाऊ बाजूला घाम पुसत.

यंदा ऐन मृग बहाराच्या तोडीत एका संत्रा व्यापाऱ्याचं बिलिंग बंद पडलं. पान उघडावं तर पांढरंफटक. ट्रक भरून उभा, ड्रायव्हर तर्री-पोह्याच्या दुसऱ्या प्लेटवर, आणि सेठ भाऊंच्या डोक्यावर. भाऊंनी काळी खिडकी उघडून, लॉग म्हणजे चुकांच्या नोंदींची फाइल बघायला, ‘टेल मायनस एफ’ मारलं. कर्सर लुकलुकत राहिला.

“लॉगमंधी काही नाही जी. एररच नाही तं दुरुस्त काय करू?”

आता भाऊंच्या साइट ज्या भाषेत, त्या पीएचपीत बटणं दोन असतात. एक चूक पडद्यावर दाखवण्याचं, दुसरं ती फायलीत लिहून ठेवण्याचं. पहिलं गिऱ्हाइकासमोर बंद ठेवावं, हा शहाणपणाचा रिवाज. भाऊंनी शहाणपणाच्या भरात दुसरंही बंद केलेलं. शिवाय कोड जिथे म्हणून कुरकुरला तिथे पुढे ‘ॲट’चं चिन्ह ठोकलेलं, म्हणजे त्याने तोंडच उघडू नये. पीएचपी 8 ने 2020 साली त्या चिन्हाची घातक चुका दाबण्याची सत्ता काढून घेतली, म्हणून भाऊ अजून सातवरच आहेत. आणि ट्राय-कॅच? कॅचच्या महिरपी कंसात काहीही नाही. पाहुण्यांपुढे घरातलं भांडण गिळावं तशी भाऊंच्या घरी एरर गिळली जाते.

नागपूरला इंजिनिअरिंग करणारा भाचा सुट्टीत आला होता. त्याने विचारलं, “मामाजी, लॉग चालू तरी हाये का?”

भाऊंनी ताबडतोब पीएचपीच्या सेटिंगच्या फायलीत बटण चालू केलं. तरी शांतता. कारण उबुंटूवर ही फाइल दोन ठिकाणी असते, एक कमांड लाइनची, एक अपाची या वेब सर्व्हरची. भाऊंनी नेमकी पहिली सुधारली होती. (इथे भलेभले फसतात, भाऊंना हसू नये.) दुसरी सुधारली, तरी शांतता. लॉगचा फोल्डर रूटच्या मालकीचा, आणि अपाची चालतो ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डाटा’ या गरीब वापरकर्त्याच्या नावाने. त्याला तिथे लिहायची मुभाच नाही. भाऊंनी आपलं रामबाण औषध काढलं, सात-सात-सात. म्हणजे या, लिहा, खोडा, आपलंच घर आहे. भाच्याने डोक्याला हात लावला आणि रिकाम्या कॅचमध्ये मुकाट्याने एक ओळ घातली.

नोंद आली. भाऊंनी ती वाचली आणि बाजूला सारली.

“हे पाचची हाये. आपलं बंद पडलं साडेदहाले. पाचले तं सेठचं शटरबी उघडत नाही. हे दुसऱ्याची असन.”

“मामाजी, सर्व्हर यूटीसीवर हाये. साडेपाच तास मिळवा ना.”

भाऊंनी बोटांवर मिळवले. आपलीच निघाली. बिल नंबरच्या रकान्याला भाऊंनी काटकसर म्हणून ‘स्मॉलइंट’ दिला होता. तो 32,767 वर संपतो, आणि सेठचा धंदा बरा चालला होता. रकाना मोठा केला, बिल निघालं, ट्रक हलला.

पण इतकी वर्षं गप्प बसवलेला कोड आता बोलायला लागला तो थांबेचना. संध्याकाळपर्यंत फाइल वॉर्निंगांनी गच्च. “हे एवढं बोलते काऊन बे?” म्हणत भाऊंनी फाइल पुसली, बटण बंद केलं आणि निवांतपणे सेठला आपलं बिल पाठवलं: ‘एरर काढण्याचा चार्ज’.

सेठ संत्र्याचे व्यापारी. त्यांनी उलट विचारलं, “काढले तं किती नग काढले?”

भाऊ नग मोजायला लॉग उघडून बसले आहेत.