खुडूक कोंबडी आणि खापरपणजी

आमच्या घरात एक जूनला पाच वाढदिवस असतात. वडिलांचा, दोन चुलत्यांचा, आत्याचा आणि शेजारच्या तात्यांचा. तात्या शेजारचे असले तरी जेवायला आमच्याकडेच असतात, म्हणून घरचेच. आमच्या कोल्हापूरकडच्या मलकापुरात त्या दिवशी केक घ्यायला गेलं तर दुकानदार नाव विचारत नाही. 'आबा' आणि 'अण्णा' अशी नावं घालून त्यानं आदल्या रात्रीच केक तयार ठेवलेले असतात. गावातली साठीपुढची सगळी मंडळी एकाच एस.टी.तून जगात उतरली असावीत, असं परक्या माणसाला वाटेल.

खरी गोष्ट महाराष्ट्राला ठाऊक आहे. पोराला शाळेत घालायला नेलं की गुरुजी विचारायचे, "जन्म कधीचा?" आजीनं सांगितलं, "म्हाताऱ्या पावसातला." गुरुजींच्या रजिस्टरात म्हाताऱ्या पावसाचा रकाना नव्हता. शाळा जूनमध्ये भरते, तेव्हा पोरगंही जूनमध्येच जन्मलेलं बरं, असा सरळ हिशेब करून त्यांनी तारीख घातली. राहिलं साल. त्यासाठी उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला लागतो का, ते बघत. वडिलांचे हात लांब. ते तिथल्या तिथे वर्षानं मोठे झाले.

हे सगळं पुन्हा निघालं ते पुतण्याच्या जातीच्या दाखल्यामुळे. त्याला घराण्याची जुनी नोंद हवी होती. गेली दोन-तीन वर्षं अर्धा महाराष्ट्र आपले पणजोबा शोधतो आहे, तसे आम्हीही शोधायला निघालो. कोतवालानं ठेवलेलं जन्म-मृत्यूचं बुक म्हणजे गाव नमुना चौदा. कचेरीतल्या फडक्यात बांधलेल्या दप्तरातून ते निघालं. पानं पिवळी, कडा वाळवीनं कुरतडलेल्या आणि अक्षर मोडी. मोडी वाचणारे एक निवृत्त मास्तर सोबत घेतले होते. मोडीत लिहिणारा हात उचलतच नाही. एकदा बोरू टेकवला की ओळ संपेपर्यंत नांगराच्या तासासारखा चालतो. मास्तर भिंग लावून त्या तासातून दाणे वेचत होते.

वडिलांची नोंद आधी सापडली. २३ जुलै १९४४. शाळेच्या दाखल्यावर १ जून १९४३. मास्तरांनी बोटांवर हिशेब केला. जुलैच्या वीस तारखेच्या सुमाराला पुष्य नक्षत्र लागतं. त्याच्या आधीचं पुनर्वसू तो तरणा पाऊस, कोसळणारा. आणि पुष्य तो म्हातारा पाऊस, दिवसभर कण्हत पडणारा. म्हणजे आजीनं सांगितलेलं पंधरवड्याच्या आत बरोबर होतं आणि गुरुजींनी शाईनं लिहिलेलं चौदा महिन्यांनी चूक. वडील सरकारी नोकरीतून मे २००१ मध्ये निवृत्त झाले. खऱ्या जन्मतारखेनं ते जुलै २००२ मध्ये झाले असते. त्या दिवसापासून ते अधूनमधून आपले हात लांब करून बघतात आणि म्हणतात, "ह्यांनी चौदा महिन्यांचा पगार खाल्ला."

आजीचं पंचांगच वेगळं होतं. छापील मराठी पंचांग १८३१ साली मुंबईत गणपत कृष्णाजींनी काढलं, पण सह्याद्रीच्या ह्या कुशीत पाऊस हेच पंचांग. रोहिणीत धूळवाफेचा पेरा, मृगात उगवण, आर्द्रात लावणीची घाई, हस्तात भाताच्या लोंब्यांची काळजी. माणसांचे जन्म त्यातच कुठेतरी अडकवलेले असत. थोरला चुलता रोप लावताना, आत्या मळणीला. एका चुलत्याचा जन्म "गाभण म्हस ओढ्यातनं व्हावून गेली त्या साली". ते साल आजवर कुणाला सापडलेलं नाही, पण म्हशीचं नाव सगळ्यांना पाठ आहे.

मोठ्या घटनांनाही तिच्याकडे तारखा नव्हत्या, फक्त ओळख होती. 'गडावरनं पंत खाली आलं तवा' म्हणजे १८४४. त्या साली गडकऱ्यांनी बंड केलं. ते मोडल्यावर इंग्रजांनी विशाळगड निकामी केला आणि पंतप्रतिनिधींचं ठाणं मलकापुरात आलं. 'आगीनगाडी आली तवा' म्हणजे १८९१. त्या वर्षी मिरजेहून रेल्वे कोल्हापुरापर्यंत आली आणि पुढचे डोंगर बघून जी दमून बसली ती अजून उठलेली नाही. 'रानात ऱ्हायलो तवा' म्हणजे शतक संपतानाचा प्लेग. उंदीर पडायला लागले की लोक राहती घरं मोकळी टाकून शिवारात खोपटं घालत. आजी ह्यातल्या एकाही वेळी जन्मलेली नव्हती. तरीही ती 'ऱ्हायलो' असंच म्हणायची. घरात सून म्हणून आली की मागच्या पिढ्यांच्या आठवणीही तिच्या पदरात घालत असावेत.

मास्तर पुढे वाचत गेले आणि कोतवालाच्या बुकानं आम्हाला गप्प केलं. १८८० नंतरची पानं होती. खापरपणजोबांचं नाव राणू. 'राणू बिन संतू, मुलगा.' एवढीच ओळ. मुलाला नाव नाही. दोन पानं उलटल्यावर मृत्यूच्या रकान्यात तोच मुलगा, वय तीन महिने, कारण ताप. मग 'राणू बिन संतू, मुलगी.' मग ताप. पुन्हा मुलगा, पुन्हा ताप. कोतवालाचं अक्षर कुठेच हललेलं नाही. त्याच्या दृष्टीनं ते गावातलं नेहमीचंच काम होतं. त्याच पानावर आणखी सात घरं होती आणि त्यांनाही तापच आला होता.

चौथ्या खेपेला पणजोबा जन्मले आणि जगले. त्यांचं नाव दगडू. लहानपणी आम्ही ह्या नावाला हसायचो. दगडू, धोंडू, केरू अशी नावं ठेवणारी माणसं किती अडाणी असतील, असं वाटायचं. आता त्या तीन ओळींच्या खाली ते नाव वाचलं आणि त्यातली लबाडी कळली. गोंडस नावाचं पोर नजरेत भरतं. दगड कोण उचलून नेणार? केराला कोण नजर लावणार? मरणाला चकवायला त्या माणसांकडे ना डॉक्टर होता, ना औषध. होतं ते एक कुरूप नाव. ते त्यांनी वापरलं आणि पणजोबा चांगले ऐंशीच्या घरात जाऊन, नातवंडांना काठीनं मारून मगच गेले.

तेव्हाच्या घरात पोराची पहिली नोंद कोतवाल करत नसे. ती सटवाई करी. पाचवीच्या रात्री बाळंतिणीच्या खोलीत पाटा-वरवंट्याची पूजा होई, दिवा तेवत ठेवीत, आणि शेजारी कोरा कागद नि लेखणी. रात्री सटवाई येऊन बाळाच्या कपाळी काय ते लिहून जाते. घरात कुणाला अक्षर येत नसलं तरी कागद हवाच. सकाळी तो कोराच असे आणि कुणाला त्याचं नवल वाटत नसे. वरच्या कचेरीतला मजकूर खालच्या माणसाला वाचता येऊ नये, ही पद्धत तेव्हाही होती.

तिसरा कारकून म्हणजे हेळवी. आमच्याकडे सुगी झाली की दोन-चार वर्षांतून एकदा हेळवी येतो. कानडीत 'हेळु' म्हणजे सांगणे, त्यावरून हे नाव पडलं असं काही जण मानतात. पूर्वी तो बैलावर बसून घंटा वाजवत येई. आता मोटरसायकलवरून येतो आणि हॉर्न वाजवतो. ओसरीवर बसून तो वही उघडतो आणि घराण्याची वंशावळ एका दमात म्हणून दाखवतो. संतूचा राणू, राणूचा दगडू, दगडूचे तिघे. त्या लयीत आपलं नाव आलं की अंगावर काटा येतो. मग तो नवी पोरं लिहून घेतो, धान्य-कपडे घेतो आणि पुढच्या घरी जातो. मात्र वही पुरुषांची. बापाच्या पोटी मुलगा, त्याच्या पोटी मुलगा. मध्ये कुणाचं खरंखुरं पोट होतं, ह्याची चौकशी नाही.

ती पुतण्याच्या बायकोनं केली. ती मुंबईत वाढलेली, नवीन लग्न होऊन आलेली. "राणूची बायको कोण?" असं तिनं विचारलं आणि आम्ही सगळे एकमेकांकडे बघायला लागलो. हेळव्याच्या वहीत ती नाही. कोतवालाच्या बुकात तिचा मृत्यू सापडला, पण तिथेही 'राणू याची बायको, वय ७०, ताप.' तीन पोरं पुरून, चौथं जगवून, प्लेगात रानात संसार करून सत्तरी गाठलेल्या बाईला तिथेही नाव नाही. आजी नवी सून म्हणून आली तेव्हा ती अंथरुणाला होती. आजीनं तिचं सगळं केलं. पण आजीही तिला 'थोरली' म्हणायची. थोरल्या बाईचं नाव घ्यायचं नाही, ही रीत. आणि पुढे ज्यांना माहीत होतं ते गेले.

"आमच्या शेजारी एक ख्रिश्चन कुटुंब होतं," सूनबाई म्हणाली, "त्यांच्या बायबलमध्ये आजी-पणजीपासूनच्या सगळ्यांच्या तारखा लिहिलेल्या होत्या." खरंच आहे. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतल्या खेडोपाडीच्या शेतकऱ्यांकडे जाडजूड बायबल असे आणि त्यात जुन्या नि नव्या कराराच्या मधे जन्म, लग्न, मृत्यू लिहायला कोरी पानं असत. जंगल तोडून शेत करणारी, थंडी-तापानं पोरं गमावणारी तीही माणसं आमच्या राणूसारखीच. खिळ्याला टांगलेलं शेतकी पंचांग तेही बघत, आणि आज आपल्या 'कालनिर्णय'वर दुधाचा खाडा लिहितात तसं त्याच्या समासात काहीबाही लिहीत. पण त्यांच्याकडे बायबलची ती पानं होती. आमच्याकडे ग्रंथ नव्हता असं नाही, पोथी होती. पण सोवळ्यातल्या पोथीत 'आज म्हैस व्याली, मुलगीही झाली' असं कोण लिहील?

त्यावर आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "भांड्यावर बघितलासा काय?"

आम्ही सगळे कागद शोधत होतो आणि आईनं एका वाक्यात दप्तर बदललं. मराठी घराचं बायबल मांडणीवर असतं, उपडं घातलेलं. परातीवर आत्याचं लग्न आहे. पितळी डब्यावर आजोबांची पुण्यतिथी. तांब्यावर मामाचं नाव, कळशीवर मावशीचं. ठिपक्या-ठिपक्यांच्या अक्षरांत, तारीखवार. आहेरातलं भांडं उलटं करून आधी नाव वाचायचं आणि मग वजन जोखायचं, ही आपली खरी वाचनसंस्कृती.

"थोरलीच्या लग्नातलं एक घंगाळ हाय," आई म्हणाली. "सासूबाई हात लावू द्यायच्या न्हाईत."

"मग कुठं आहे ते?"

"परड्यात. त्यात कोंबडी बसलीया."

घंगाळाला खालून भोक पडल्यापासून ते कोंबडी बसवायच्या कामी होतं. आत भुसा, भुशात तेरा अंडी आणि त्यावर डोळे वटारून खुडूक कोंबडी. मोबाईलच्या उजेडात काठाखाली काहीतरी खोदलेलं दिसत होतं, पण हात पुढे केला की ती टोचायची. घंगाळ हलवायला आईनं साफ नकार दिला. "खापरपणजी काय आता पळून चाललीया? अंडी गार पडली तर पिल्लं कोण देणार?" पिल्लं निघायला एकवीस दिवस लागतात, त्यातले चार झाले होते. दीडशे वर्षांचं संशोधन सतरा दिवस थांबलं. मास्तर मात्र रोज फोन करून कोंबडीची चौकशी करत होते.

अकरा पिल्लं निघाली. घंगाळ चिंचेनं घासलं, तेव्हा छिन्नीनं ठोकलेली मोडी अक्षरं वर आली. मास्तरांनी बोट फिरवून वाचलं, "ठकूस मामाने."

ठकू. म्हणजे माहेरचं नाव. लग्नात सासरी नवं नाव ठेवलं असेल, ते सासरच्यांनी हरवलं. हे आधीचं, मामानं हाक मारायचं नाव तेवढं घंगाळावर राहिलं. मामानं दिलं तेव्हा पोर कदाचित आठ-नऊ वर्षांची असेल, घंगाळात बसून मावेल एवढी. आजीला घंगाळ कुणाचं ते ठाऊक होतं, पण नाव नव्हतं. घंगाळाला नाव ठाऊक होतं, पण कुणाचं ते नव्हतं. दोघींची गाठ घालून द्यायला कोंबडीची परवानगी लागली.

यंदा सुगीनंतर हेळवी आला. वडिलांनी त्याला राणूचं पान काढायला लावलं आणि म्हणाले, "हेळवीबाबा, इथं ठकू लिहा."

"मालक, बाईचं नाव घालायची रीत न्हाई."

"मग रीत घाला."

नवं नाव म्हटलं की नवं देणं आलं. आईनं पायलीभर तांदूळ आणि एक लुगडं आणून ठेवलं. हेळव्यानं तांदळाकडे पाहिलं, वहीकडे पाहिलं आणि राणूच्या शेजारी समासात, जरा आडवं, नाव लिहिलं. मग पेन तसंच धरून म्हणाला, "जन्म कधीचा? हल्ली तारखेबिगर कुणाचं काय चालत न्हाई."

सगळे गप्प. म्हातारा पाऊस की तरणा, हे सांगणारंही आता कुणी नव्हतं. वडिलांनी आपल्या लांब हातांकडे एकदा बघितलं.

"घाला," ते म्हणाले, "एक जून."

आता आमच्या घरात एक जूनला सहा वाढदिवस असतात.