घरचं आहे हो!

भरदुपारी दारावरची बेल वाजली की आमच्या मजल्यावर दोनच शक्यता असतात. एक कुरिअरवाला आणि दुसरे कुंडीकाका. कुरिअरवाला सही घेतो आणि जातो. कुंडीकाका जात नाहीत. त्यांच्या हातात स्टीलची वाटी असते, वाटीत तीन भेंड्या आणि एक कोवळी गवार असते, आणि तोंडात ते वाक्य तयार असतं, "घ्या, घरचं आहे हो!" मग त्या तीन भेंड्या कशा वाढल्या, त्यांच्यावर मावा कधी पडला, निंबोळी पेंड किती घातली, हे सगळं उंबऱ्यात उभं राहून ऐकायचं. एवढ्या भेंडीची भाजी होत नाही. पण वाटी परत करताना "काय चव होती!" असं म्हणावं लागतं.

कुंडीकाका हे एका माणसाचं नाव नाही. नेरूळला आमच्याकडे एक आहेत तसे वाशीला, कोपरखैरण्याला, खारघरला त्यांचे जातभाई आहेत. निवृत्त, खिशात रुमालाऐवजी कात्री, नखांत शेणखत. गावच्या जमिनीचा भावकीत दावा चालू असतो, म्हणून शेती बाल्कनीत उतरलेली असते. चार बाय दहाच्या त्या बाल्कनीला काका 'मळा' म्हणतात. मळ्यातलं पाणी खालच्या मजल्यावर माझ्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पडतं. तक्रार केली तर "जीवामृत आहे, डाग पडत नाही" असं उत्तर मिळतं. डाग पडत नाही हे खरं आहे. वास येतो.

तुमच्याआमच्या घरी सण कालनिर्णयात लाल अक्षरांत येतो. काकांच्या कालनिर्णयावर तो अडीच महिने आधी पेन्सिलीने आलेला असतो. जुलैच्या मध्यावर एका चौकटीत 'झेंडू' असं लिहिलेलं दिसलं की समजावं, काकांचा दसरा सुरू झाला. बी टाकायचं, वीतभर रोप झालं की शेंडा खुडायचा, म्हणजे बाजूने फांद्या फुटतात आणि फूल जास्त धरतं. "सण आल्यावर तयारीला लागतो तो गिऱ्हाईक," काका म्हणतात. "आधी लागतो तो शेतकरी."

"आणि नंतर बाल्कनी धुते ती बायको," आतून काकूंचा आवाज येतो.

एका बाबतीत मात्र काकांना हसायची माझी प्राज्ञा नाही, ती म्हणजे हळद. अक्षय्य तृतीयेच्या सुमारास ते जुन्या रंगाच्या बादल्यांत हळदीचे कंद पुरतात. हळकुंडासाठी नव्हे, पानासाठी. श्रावणात त्या बादल्यांतून हातभर लांब, रुंद, हिरवीगार पानं वर येतात आणि नागपंचमीच्या सकाळी काकू त्यांवर पातोळ्या घालतात. पान पुसून घ्यायचं, तांदळाचं सरबरीत पीठ बोटांनी पातळ पसरायचं, मधोमध ओला नारळ आणि गुळाचं सारण, पान लांबीत मिटायचं आणि चाळणीवर ठेवून वाफवायचं. दहा मिनिटांत जिन्यात दोन मजले खालपर्यंत वास उतरतो. गरम पातोळीवरून पान सोलताना त्याच्या शिरा न् शिरा पिठावर उमटलेल्या दिसतात. त्या दिवशी काका वाटी नाही, डबा घेऊन येतात, आणि त्या दिवशी मीच त्यांना आत बसवून घेतो.

अडचण अशी की हळदीच्या यशाने माणूस बिघडतो. पातोळ्या जमल्या म्हणून काकांनी गणपतीची एकवीस पत्रीही घरचीच करायचा पण केला. दूर्वा, तुळस, माका, आघाडा, मरवा हे काही अवघड नाही. आघाडा तर नवी मुंबईत कुठल्याही रिकाम्या प्लॉटवर न लावता येतो. शमी नर्सरीत मिळाली. घोडं अडलं देवदारापाशी. बाजारातल्या जुडीत देवदार म्हणून जे खुपसतात त्यावर काकांचा विश्वास नव्हता. म्हणून मनालीच्या सहलीहून येताना काकूंना शाल आणायची ती राहिली आणि देवदाराचं रोप आलं. हिमालयात दीड-दोन हजार मीटरांवर राहणारं ते झाड नेरूळच्या मे महिन्यात आलं आणि पहिल्याच आठवड्यात तांबूस पडलं. काकांनी त्याच्या मुळाशी बर्फाचे खडे ठेवले, टेबलफॅन लावला, आणि शेवटी बेडरूमला एसी बसवला. "बावीस वर्षं मी उकडतंय म्हणत होते," काकू म्हणाल्या, "माझ्यासाठी नाही बसवला. देवदारासाठी बसवला." देवदार जुलैत गेला. एसी आहे.

मूर्ती अर्थातच शाडूची, विसर्जन बादलीत, आणि ते पाणी मोगऱ्याला. कल्पना सुंदर आहे. फक्त शाडू ही चिकणमाती असते, तिच्यातून पाणी नीट झिरपत नाही, आणि काकांनी अख्खी मूर्ती एकाच कुंडीत ओतली. दिवाळीपर्यंत मोगरा सिमेंटात रोवल्यासारखा उभा होता. "पुढच्या वर्षी लवकर या" म्हणायचं कारणच उरलं नाही, बाप्पा गेलेच नव्हते.

गौरीसाठी तेरडा लागतो. तोही काकांनी लावला. रोज दोन वेळा पाणी आणि खत मिळाल्याने तो इतका माजला की फुलायचंच विसरला. ऐन आवाहनाच्या सकाळी काका पिशवी घेऊन स्टेशनबाहेर गेले. मीही भाजीला निघालो होतो. तिथे पुलाखाली एक आगरी मावशी पोतं अंथरून बसते. तेरडा, हळदीची पानं, केवडा, जे ज्या सणाला लागेल ते तिच्यापाशी असतं. काका तिच्यासमोर उकिडवे बसले आणि आपल्या तेरड्याची केस हिस्टरी सांगू लागले. तिने जुडी बांधता बांधता ऐकून घेतलं.

"काका, तुमची बिल्डिंग हाय ना, तिथं आमचा शेत व्हता," ती म्हणाली. "तेरडा बांधावर असाच यायचा. त्याला कोन लावीत नव्हता."

सिडको स्थापन झाली १९७० साली. नव्या शहरासाठी पंच्याण्णव गावांची जमीन घ्यायचं ठरलं. भातखाचरं गेली, मिठागरं गेली, खाडीत भराव पडला. त्या भरावावर इमारत, इमारतीत तिसरा मजला, तिसऱ्या मजल्यावर रंगाची बादली आणि बादलीत काका तेरडा पेरतात. मावशीने जुडीचे पैसे घेतले आणि वर मूठभर बी दिलं, त्याचे नाही घेतले.

दिवाळीत काकांचे दोन प्रकल्प असतात. पैकी एक किल्ला. सगळी मुलं रायगड करतात, काका बेलापूरचा किल्ला करतात, कारण तो 'स्थानिक' आहे. चिमाजी अप्पांनी हा किल्ला जिंकला तर अमृतेश्वराला बेलाच्या पानांची माळ वाहीन असं बोलून ठेवलं होतं, त्यावरून बेलापूर, अशी आख्यायिका सांगतात. काकांना ती प्राणप्रिय आहे. शहराचं नावसुद्धा पत्रीतून आलंय, याहून मोठा पुरावा कसला हवा! किल्ल्यावर ते अळीव पेरतात. चार-पाच दिवसांत हिरवळ उठते, आणि सहाव्या दिवशी कबुतरं गड सर करतात.

दुसरा प्रकल्प कारीट. नरक चतुर्दशीला अभ्यंगस्नानानंतर तुळशीपाशी डाव्या पायाच्या अंगठ्याने ते कडू फळ फोडायचं, नरकासुर मारला म्हणायचं. काकांनी ग्रिलवर वेल चढवला. वेलाने बाल्कनीतला उजेड खाल्ला आणि फळ धरलं एक. पहाटे काका-काकू, मुलगा, सून, नातू असे पाचजण तेल-उटणं लावून, आंघोळ करून रांगेत उभे राहिले. नातवाने पाय उचलला, तेवढ्यात काका ओरडले, "थांब! बी धरायचंय!" त्या वर्षी नेरूळचा नरकासुर बियाण्यासाठी राखीव राहिला.

काकूंनी एकदा पाठकोऱ्या कागदावर हिशेब मांडला होता. ग्रो बॅगा, कोकोपीट, गांडूळखत, खालच्या मजल्याची छत-दुरुस्ती, सगळं धरून घरच्या झेंडूचं एक फूल ३८ रुपयांना पडलं. काकांनी तो कागद शांतपणे वाचला, बारीक फाडला आणि कंपोस्टच्या डब्यात टाकला. "कार्बन लागतोच," म्हणाले.

यंदाच्या दसऱ्याला त्याच झेंडूने दगा दिला. पाऊस लांबला, ऊन मिळालं नाही, आणि दसरा चार दिवसांवर आला तरी कळ्या वाटाण्याएवढ्या. काका रोज सकाळी त्यांच्यासमोर खुर्ची टाकून बसत. कोणी विचारलं तर "परवापर्यंत उमलतील" म्हणत. आम्हाला तर त्यांनी तोरणाचं वचनच देऊन ठेवलं होतं, आपट्याच्या पानांसकट. तीही खरी आपट्याची, कांचनाची नव्हेत.

दसऱ्याच्या दिवशी पहाटे सहाला मी दूध आणायला बाहेर पडलो. स्टेशनच्या पुलाखाली मावशीसमोर माकडटोपी घातलेला एक माणूस पाठमोरा उभा होता. ऑक्टोबरात, नेरूळमध्ये, माकडटोपी. तराजूत दोन किलो झेंडू चढत होता.

"काका?" मी म्हटलं.

काका वळले. क्षणभर काहीच बोलले नाहीत. मग टोपलीतलं एक टपोरं फूल उचलून त्यांनी उलटं केलं, नखाने देठाकडचा भाग उकलून मला आतलं दाखवलं आणि गंभीरपणे म्हणाले, "बी धरायला घेतोय."

"दरसाली दोन किलो धरतात," मावशी वजन उतरवत म्हणाली.

दहाच्या सुमाराला बेल वाजली. दारात काका, मागे काकू, आणि दोघांच्या हातांत मिळून एक लांबलचक तोरण. झेंडू, आंब्याची पानं, मधेमधे भाताच्या लोंब्या. सुंदर होतं. काकांनी ते माझ्या हातात दिलं आणि सवयीने म्हणाले,

"घ्या. घरचं आहे हो!"

मी काकूंकडे पाहिलं.

"दोरा," काकू म्हणाल्या.