चार्जर निर्दोष आहे

सरकारने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं आणि मुंबईकराचा एक जुना पेच सुटला. गावाकडे जायचं असतं, पण गावातल्या संडासात जायचं नसतं. आता संडासच बरोबर नेता येतो. शिवाय ओटा, फ्रिज, पलंग, पंखा. यातलं बरंचसं १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालतं आणि मुक्कामी ती भरायचं काम चार्जर करतो. धोरणात कॅराव्हॅन पार्कही आहेत; पण गाडी लागते ती ढाब्याच्या मागे, शेवग्याखाली. म्हणजे हा सगळा स्वावलंबी संसार दुसऱ्याच्या बोर्डात प्लग खुपसून उभा असतो.

पेण ओलांडून रोह्याकडे गेलेल्या अशा एखाद्या गाडीत रविवारी सकाळी दूध नासतं. चहाआधीच निकाल लागतो : चार्जर गेला. कुटुंबप्रमुख त्याला हात लावून बघतात. गरम लागला तर ‘तापलाय, म्हणजे गेला’. गार लागला तर ‘गार पडलाय, म्हणजे गेलाच’. पुण्याचे मेव्हणे फोनवरूनच सांगतात की तो माल मुळात चायनीज, नवाच मागवा. आरोपीची बाजू ऐकून घ्यावी असं कुणालाही वाटत नाही.

शेवटी ढाबेवाला वायरमनला बोलावतो. पेणच्या गणपती कारखान्यांत ऐन पावसाळ्यात मूर्ती सुकवायचे पंखे बंद पडू न देणारा हा माणूस. तो चार्जरकडे बघतही नाही. आधी बॅटरीला मीटर लावतो. भरलेली बॅटरी साधारण १२.७ दाखवते, चार्ज होत असेल तर आकडा १४च्या आसपास चढतो. इथे ११.९, आणि चार्जर चालू केला तरी तेवढेच. मग तो मीटरच्या पिना प्लगात घालतो. ‘दादा, एकशे सत्तर येतंय. चार्जर सोडा, त्याचा बापूस पण चालणार नाय.’

नियमाप्रमाणे २३० व्होल्टमध्ये सहा टक्क्यांपेक्षा जास्त घट चालत नाही, म्हणजे २१६च्या खाली यायला नको. पण नियम मीटरपर्यंत येतो. मीटरपासून शेवग्यापर्यंत येते ती ढाब्याची बारीक, तीन ठिकाणी टेप मारलेली वायर, आणि त्याच लाइनवर ढाब्याचा डीप फ्रीजर नि मिक्सर. वायर जितकी लांब आणि बारीक, तितका दाब वाटेतच गळतो. बरेच चार्जर अशा वेळी स्वतःहून बंद होतात. या सबंध प्रकरणात आपली मर्यादा ओळखून गप्प बसलेला तो एकटाच.

दुसरा दोष पलंगाखाली निघतो. बॅटरीच्या टर्मिनलचा नट बोटाने फिरतो. चार्जर भरेल कशातून? त्या नटाचंही चुकलं नाही. पनवेल ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या चौपदरीकरणाचं काम २०११ साली सुरू झालं. त्या वर्षी पहिलीत बसलेली पोरं आता मतदार आहेत. या रस्त्याने आलेल्या गाडीत एक नट घट्ट राहिला असता, तर तो जपून ठेवायला हवा होता.

‘पण व्होल्टेज का नाही इकडे?’ असं सगळ्यात मोठ्याने विचारणारे साहेब दुपारी कोलाडला राफ्टिंगला जायचे असतात. कुंडलिकेला उन्हाळ्यातही एवढं पाणी येतं ते भिऱ्याच्या वीजघरातून. मुळशीचं धरण होऊ नये म्हणून सेनापती बापटांनी सत्याग्रह केला, तरी धरण झालं, गावं बुडाली, आणि १९२७ साली भिऱ्याला टाटांचं वीजघर सुरू झालं. तिथली वीज मुंबईसाठी. वीज काढून घेतलेलं पाणी खाली नदीत सोडतात आणि साहेब त्यावर पैसे देऊन तरंगतात. म्हणजे वीज आधीच साहेबांच्या घरी पोचलेली आहे, तिच्या मागे राहिलेलं पाणी बघायला ते स्वतः आलेत, आणि रोह्याच्या प्लगात दोन्हींतलं काही का नाही म्हणून रागावलेत! ढाबेवाला हे सगळं ऐकून घेतो आणि बिलात चार्जिंगचे पैसे लावतो. सत्याग्रहाचा हा प्रकार जरा जास्त यशस्वी आहे.

तेव्हा इकडे येणाऱ्यांना विनंती. नवा चार्जर मागवण्याआधी टर्मिनल आवळा, फ्यूज बघा, प्लगात मीटर लावा. आपली जाड वायर बरोबर आणा आणि ती गुंडाळी पूर्ण उलगडून वापरा, नाहीतर गुंडाळीच तापते. धोरण, रस्ता आणि दाब यांची दुरुस्ती वायरमनच्या पिशवीत नाही, त्याला त्याबद्दल बोलू नका. आणि ‘दोनच तर नट आवळले’ असं म्हणून पन्नासची नोट पुढे करू नका. तो रविवारचं मटण ताटात टाकून आला आहे.