खरखर विकत घेणे आहे

गाणं फार स्वच्छ रेकॉर्ड झालंय, ही हल्ली तक्रार असते. तिच्यावर औषधही निघालंय. स्टॉकहोमच्या एक्सएलएन ऑडिओचं ‘आरसी-२० रेट्रो कलर’ नावाचं प्लगइन घ्यायचं आणि गाण्यावर चढवायचं. त्यात सहा कप्पे: नॉइज, वॉबल, डिस्टॉर्ट, डिजिटल, स्पेस, मॅग्नेटिक. ज्या दोषांपायी पूर्वी गिऱ्हाईक दुकानदाराशी भांडायचं, त्यातले बहुतेक इथे एकाच खोक्यात मिळतात, तेही पैसे मोजून. परवडत नसेल तर आयझोटोपचं ‘व्हायनल’ फुकट आहे. धूळ किती, ओरखडे किती, तबकडी वाकलेली किती, सगळं सरकपट्टीवर ठरवा. सालसुद्धा निवडता येतं. १९३० लावलं की काल रात्री लॅपटॉपवर वाजवलेला पियानो आजोबांच्या काळात जाऊन बसतो.

वॉबल म्हणजे वेग डगमगणं. कॅसेटची फीत सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर सरकायची. मोटर लंगडली की सूर लंगडायचा. इंजिनियर याला ‘वॉव अँड फ्लटर’ म्हणत आणि टक्क्यांत मोजत. आकडा जितका लहान, तितका डेक महाग. आता आकडा वाढवायचे पैसे पडतात.

फितीमागची ती अखंड ‘स्स्स’ दाबण्यात रे डॉल्बी या अमेरिकन इंजिनियरनं उमेद खर्ची घातली. गृहस्थ संयुक्त राष्ट्रांचा सल्लागार म्हणून १९६३ ते ६५ चंडीगडला होता. तिथून लंडनला जाऊन त्यानं कंपनी काढली आणि आवाज कमी करण्याचं तंत्र विकून नाव कमावलं. त्या नावाचं महाराष्ट्रानं मिरवणुकीत काय केलं, हे खिडक्यांच्या काचांना विचारा. आणि त्यानं घालवलेली ‘स्स्स’ संगीतकार आज हौसेनं परत भरताहेत.

मान्य आहे, अशी खरखर भरलेली गाणी कानाला बरी वाटतात. वरची पट्टी कापलेली, ठोका संथ, शब्द नाहीत. परीक्षेच्या रात्री अशा गाण्याचा त्रास होत नाही. यूट्यूबवर मराठी गाणीसुद्धा वेग उतरवून, मागे पाऊस पाडून मिळतात. आमची तक्रार खरखरीबद्दल नाही, ती आयती मिळण्याबद्दल आहे.

कारण मूळच्या खरखरीमागे डोकं होतं. १९८७ सालची ई-म्यूची एसपी-१२०० ही सॅम्पलर, म्हणजे आवाजाचे तुकडे साठवून वाजवणारी पेटी घ्या. बारा बिट, आणि मेमरी सगळी मिळून जेमतेम दहा सेकंदांची. न्यूयॉर्कच्या हिपहॉपवाल्यांनी शक्कल लढवली: मिनिटाला तेहतीस फेऱ्यांची तबकडी पंचेचाळीसच्या वेगानं पळवायची, दहा सेकंदांत जास्तीचं संगीत कोंबायचं आणि नंतर पेटीतच वेग उतरवायचा. उतरवताना आवाज दाणेदार, मळकट व्हायचा. तो मळ काटकसरीतून आलेला होता. आपल्याकडे अठ्ठ्याहत्तरच्या तबकडीची एक बाजू तीनेक मिनिटांत संपायची, म्हणून गवयांनी अख्खा राग तेवढ्यात मांडायचं कसब कमावलं. अडचणीनं कला घडवली. खरखर नुसती तिच्याबरोबर आली.

प्लगइनवाल्यांनी खरखर तेवढी उचलली आणि अडचण जिथल्या तिथे ठेवली. ट्रॅक हवे तितके, मेमरी गीगाबाइटांत, चुकलं की अन्डू. या ऐश्वर्यावर शेवटी गरिबीचा पातळ हात फिरवायचा, तोही तीस टक्के, आणि क्लायंटला नाही आवडला तर ‘बायपास’ दाबून पुसून टाकायचा. गरिबी इतकी आज्ञाधारक पूर्वी नव्हती.

आणि हे ऐकायचं कशावर? तर बाहेरचा आवाज कापणारे महागडे हेडफोन लावून. रिक्षा, कुकर, शेजारचं ड्रिल, सगळं बंद करायला पैसे; मग त्या शांततेत धूळ, ओरखडे आणि पाऊस ऐकायला पुन्हा पैसे. हिशेब अगदी सरळ आहे. ज्या आवाजाचं बटण आपल्या हातात, ती रम्य आठवण. ज्याचं बटण मंडळाच्या हातात, ती डॉल्बी.